बा, उठू नको

पोलीस म्हणाला, "हिलाही सलाम कर." आणि बानं मला सलाम केला.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. पनवेलच्या बाजारात, कापडाच्या दुकानासमोर, भर सकाळी. आमची कातकरवाडी डोंगराच्या पायथ्याला. तिथून चालत आम्ही दोघं करवंदं विकायला आलो होतो. बा आणि मी. बानं पानांचे द्रोण लावले होते, मी हाका मारत होते. कोपऱ्यावरून दोन पोलीस आले. आपसात बोलत, चहाला चालले होते. आमच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

बानं खाकी बघितली आणि पळाला. टोपली टाकून. मला टाकून.

पळणारी पाठ दिसली म्हणून पोलीस ओरडला. दुकानातल्या दोन हमालांनी बाला कोपऱ्यावर धरलं आणि मानेला पकडून परत आणलं. येताना कुणाच्या तरी पायानं टोपली कलंडली. करवंदं रस्त्यावर सांडली. लोक त्यांच्यावरून चालले.

"का पळालास?"

"भ्यालो सायब."

"काय चोरलंस?"

"काय नाय सायब. करवंदा हायत."

"चोरी केली नाही तर पळतोस कशाला? कातकरी ना तू?"

"हां सायब."

"मग झालं."

बाची कंबर चाचपली. तंबाखूची पुडी निघाली. दुसरं काही नाही. तेव्हाच सोडलं असतं तरी चाललं असतं. पण एव्हाना दुकानदार बाहेर आला होता. एसटीला निघालेले, हातात डब्याच्या पिशव्या घेतलेले नोकरदार थांबले होते. माणसं जमली की पोलिसाला काहीतरी करून दाखवावं लागतं.

"पोलीस दिसला तर पळायचं नसतं. मान द्यायचा असतो. शिकवतो तुला."

आधी स्वतःला सलाम करायला लावला. मग दुकानदाराला. मग पिशवीवाल्या एकेकाला. "जोरात म्हण." बा म्हणत होता, "सलाम सायब." एक माणूस बिचारा मान खाली घालून निघून गेला. बाकीचे थांबले. मग पोलिसाचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ही कोण?"

"माजी पोर सायब."

"हिलाही सलाम कर."

बानं माझ्याकडे बघितलं. हात कपाळाला नेला. "सलाम सायब," म्हणाला. मला.

सगळे हसले. मीही हसले. सगळे हसत होते म्हणून हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

रिकामी टोपली डोक्यावर घेऊन आम्ही परत निघालो. नदी ओलांडेपर्यंत बा भरभर पुढे चालत होता. पलीकडे गेल्यावर एकदम थांबला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

"तू का नाय पळालीस? पोलीस दिसला का पळायचा. कोनासाठी थांबायचा नाय. माज्यासाठी पन नाय."

हे माझं पहिलं शिक्षण.

आमच्या वाडीत सगळ्यांचं हेच शिक्षण. माझ्या आज्याला रोज पोलीसपाटलाकडे हजेरी द्यावी लागायची. चोरी केली म्हणून नाही. कातकरी म्हणून. रात्री गावात आहे की नाही हे सकाळी तोंड दाखवून सिद्ध करायचं. ती हजेरी गेली, पण पोलिसांच्या वहीतलं नाव गेलं नाही. आजूबाजूच्या कुठल्याही गावात कोंबडी हरवो, मोटारीचं चाक हरवो, जीप आमच्याकडे यायची. जीपचा आवाज वाडीत सगळ्यात आधी कुत्र्यांना कळायचा, मग लहान मुलांना. बाप्ये झाडीत शिरायचे. दोन दोन दिवस यायचे नाहीत. मागे राहिलेल्या बायांनी शिव्या ऐकायच्या, मडकी फुटताना बघायची. आम्ही मुलं खेळायचो तोसुद्धा तोच खेळ. एक पोलीस, बाकीचे पळणारे. पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं.

आश्रमशाळेत मी सातवीपर्यंत शिकले. तिथे एका धड्यात चित्र होतं. पोलीस एका म्हातारीचा हात धरून तिला रस्ता ओलांडून देतोय. गुरुजींनी विचारलं, "पोलीस दिसला तर तुम्ही काय कराल?" मी हात वर केला. "पळू." वर्ग हसला. आमच्या वाडीची दोन मुलं हसली नाहीत. गुरुजींनी सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतलं, पोलीस आपला मित्र आहे. परीक्षेत मी तसंच लिहिलं. पूर्ण गुण मिळाले.

सातवीनंतर वीटभट्टी. मग बांधकाम.

कळंबोलीला लोखंडाचा बाजार वाढत होता. रोज नवं गोदाम. ट्रकच्या रांगा, सळया उतरवताना होणारा खणखणाट, दिवसभर डोक्यात घण घातल्यासारखा. पुण्याकडचा मोठा रस्ता अजून व्हायचा होता. एका गोदामाच्या कुंपणाच्या भिंतीवर आम्ही वाडीतले आठ जण कामाला होतो. बा माल कालवायचा, मी घमेली वाहायचे. मी एकोणीस-वीस वर्षांची. बा पन्नाशीच्या आत, पण भट्टीच्या धुरानं छाती गेलेली. चार पावलं भरभर चालला की खोकला.

त्या दिवशी दुपारी भिंतीच्या सावलीत भाकरी खात होतो. शेजारच्या गोदामातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं चोरीला गेलं होतं. आम्हाला ठाऊकही नव्हतं. जीप आली. पोलीस अजून खाली उतरले नव्हते. आम्ही आठही जण उठलो होतो. तोंडात घास, हातात भाकरी, आणि पळालो.

सगळ्यात पुढे मी.

मागून बाचा आवाज आला. "पळ बाय, पळ!" मी गटार ओलांडलं. रोडपालीच्या बाजूला खाडीकडे दलदल होती, डोक्याएवढ्या पाणकणसांची दाटी होती. तिच्यात शिरले आणि चिखलात पालथी पडले. मग मागे वळून बघितलं.

बा थांबला होता.

हे मला नीट सांगायचं आहे. मी यासाठीच सांगायला बसले आहे. बा पळत नव्हता. त्याचा दम संपला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वाकून, तो उभा होता. खोकत होता. पोलीस मागून आला. बानं त्याला बघून एक हात वर केला. थांबलोय म्हणून. पोलिसानं काठी मारली. पहिली मांडीच्या मागे. दुसरी गुडघ्याच्या मागे. बा खाली पडला. तिसरी पडलेल्याच्या नडगीवर. तो आवाज मला पाणकणसात ऐकू आला. लोखंडाच्या खणखणाटातून ऐकू आला.

मी गेले नाही. तोंडात चिखल, डोळे उघडे. उठावं असं वाटत होतं आणि पाय उठत नव्हते. पाय फक्त पळायला शिकले होते. परत जायला कुणी शिकवलंच नव्हतं.

पोलिसांनी पायाकडे बघितलं. तो भलत्याच बाजूला वळला होता. ते आपसात काहीतरी बोलले आणि बाला तिथेच उन्हात टाकून गेले. जीप गेल्यावर मी बाहेर आले. बाचं तोंड पांढरं पडलं होतं. मला बघून म्हणाला, "तू पळालीस ना? बरा केलास."

त्या शाबासकीनं मला जेवढं लागलं तेवढं आयुष्यात काही लागलं नाही.

मुकादमानं टेम्पो आणला. सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाला पालथं केलं आणि मांडीच्या मागचे वळ बघितले.

"कुणी मारलं?"

"परलो बाय," बा म्हणाला.

त्या माझ्याकडे वळल्या. मी बाच्या पायाकडे बघितलं. "पडून असे वळ उठत नाहीत," असं म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं. काठीचे वळ, मागच्या बाजूला. नडगीचं हाड मोडलेलं. मी समोरून, उलट्या बाजूनं वाचलं. बाच्या बाबतीत खरं असं काही कागदावर लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

तिसऱ्या दिवशी तार सापडली. त्याच गोदामाच्या ड्रायव्हरनं ट्रकच्या ताडपत्रीखाली दडवली होती. मुकादम येऊन सांगून गेला. मी वेडी. मला वाटलं, आता ते येतील आणि चूक झाली म्हणतील.

ते आले. एक अधिकारी आणि दोन शिपाई. डॉक्टरीणबाईंच्या कागदामुळे चौकशी करणं भाग होतं. शिपायांपैकी एक तोच, काठीवाला. अधिकारी मात्र स्वच्छ, चेहऱ्यानं शांत, आवाज मऊ. त्यांनी खुर्ची ओढली.

बानं खाकी बघितली. पळता येत नव्हतं. मांडीपर्यंत प्लास्टर होतं. मग त्यानं दुसरं जे शिकलं होतं ते सुरू केलं. सलामासाठी उठायला लागला. पलंगाचा दांडा धरला, प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली सोडला. वेदनेनं तोंड वाकडं झालं, कपाळावर घाम. एक हात कपाळाकडे निघाला.

अधिकारी बघत होते. 'राहू दे' म्हणाले नाहीत. ते थांबले. सलाम पुरा व्हायची वाट बघत थांबले.

माझ्या अंगात काय शिरलं ठाऊक नाही. मी बाच्या छातीवर हात ठेवला आणि दाबलं.

"बा, उठू नको."

"सोर गो, सायब हायत."

"उठू नको."

तो जोर करायला लागला. मी दोन्ही हात लावले. तळव्याखाली त्याच्या बरगड्या लागत होत्या. खोकला आतून धडका मारत होता. मी माझ्या बापाला जोर लावून खाली पाडलं. उशीवर त्याचं डोकं आपटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. खाकीकडे बघायचा, त्याच डोळ्यांनी.

"वडील मान देताहेत तर देऊ दे ना, मुली," अधिकारी म्हणाले.

"त्याचा पाय मोडलाय साहेब."

"हं." त्यांनी फाइल उघडली. "हे बघ. पोलीस आला की माणसानं थांबायचं असतं. पळाला की संशय येतो. आणि पळणाऱ्याला अडवायला लागेल तेवढं बळ वापरायचा आम्हाला अधिकार आहे. कायद्यानं दिलेला. आमच्या माणसानं तेवढंच वापरलं."

"आणि थांबलेल्याला?"

"काय?"

"बा थांबला होता. दम लागला होता. हात वर केला होता. मग मारलं. पडल्यावर परत मारलं."

काठीवाला शिपाई खिडकीबाहेर बघायला लागला.

"तू कुठे होतीस?"

"पाणकणसात. लपून बघत होते."

"म्हणजे तूही पळालीस."

"हां."

"चोरी केली नव्हती, तर का पळालीस?"

तोच प्रश्न. बाजारातला. वाडीतला. आज्याच्या वेळचा. पण या वेळी माझ्याकडे उत्तर होतं, समोर पलंगावर पडलेलं.

"थांबल्यावर काय होतं ते तुम्ही बघताय ना साहेब," मी म्हटलं.

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा कुशीवर वळून बघायला लागला. अधिकाऱ्यांनी एक कागद काढला. जबाब. आधीच लिहून आणलेला. शिपायानं शाईची डबी बापुढे धरली. मी मध्ये हात घालून कागद घेतला. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. कातकऱ्याची पोर वाचेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं. 'मी घाबरून पळत असताना खड्ड्यात पडलो व माझ्या पायास इजा झाली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

"हे खोटं आहे."

"दे गो बाय कागद," बा म्हणाला. "जाऊ दे त्यांना."

आणि त्यानं अंगठा दिला. शाईत बुडवून, पुढे करून, स्वतः दिला. मी त्याला धरलं नाही. छातीवर दाबून उठणं थांबवता येतं. इतक्या वर्षांची भीती दाबता येत नाही. अंगठा त्याचा होता.

"माझा जबाब घ्या," मी म्हटलं.

"तुझा कशाला?"

"मी बघितलंय."

"ठाण्यात ये मग," असं म्हणून ते उठले. मी येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीला मी खरंच गेले नाही. म्हणजे गेले, फाटकापर्यंत. पाय आपोआप मागे वळले. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन एका टपरीमागे उभी राहिले. तिथून परत आले. परत गेले. असं तीनदा. आमच्या वाडीतलं माणूस आजवर स्वतःच्या पायानं ठाण्यात गेलं नव्हतं. नेलेलेच सगळे. चौथ्यांदा मी फाटकाच्या खांबाला हात लावला आणि तो खांब धरूनच आत पाय टाकला.

टेबलामागचा हवालदार म्हणाला, "कुणाला सोडवायला आलीस?"

"तक्रार द्यायला."

तो आत वळून ओरडला, "अरे, ऐका, कातकरीण तक्रार घेऊन आली!" आतून हसणं आलं.

या वेळी मी हसले नाही.

शाळेच्या वहीची दोन पानं भरून मी लिहिलं होतं. अक्षर वाकडं, पण शब्द माझे. बा थांबला होता हे वाक्य मी दोनदा लिहिलं होतं. त्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब बैठकीला होते. तिसऱ्या दिवशी शाई संपली होती. खाली जमिनीवर बस म्हणाले. मी उभी राहिले. कामावर खाडे पडले, मुकादमानं माझ्या जागी दुसरी बाई घेतली. आय रडली. बा तर माझ्याशी बोलायचाच बंद झाला. "हिच्यामुलं जीप परत येल," एवढंच आयला म्हणायचा, मी समोर असताना.

बाराव्या दिवशी अधिकारी स्वतः बाहेर आले. मला बघून कपाळाला आठी पडली.

"अजून येतेस तू?"

"हां."

"मोठ्या माणसांचा मान राखायला शिकली नाहीस."

"राखते साहेब. तुम्हाला साहेब म्हणते. पण थांबलेल्या माणसाला ज्यानं मारलं, त्याला म्हणणार नाही."

त्यांनी माझ्या हातातली पानं बघितली. मग हवालदाराला म्हणाले, "घे तो कागद. शिक्का मारून नक्कल दे."

शिक्का बसला. पुढे काय झालं ते आत्ताच सांगते, म्हणजे कुणाला खोटी आशा नको. काही झालं नाही. पावसाळ्यानंतर पत्र आलं. चौकशी पूर्ण झाली होती. वापरलेलं बळ परिस्थितीला धरून होतं, असं त्यात होतं. काठीवाला नोकरीत राहिला. बाचं हाड वाकडं जुळलं. त्यानंतर त्यानं काम केलं नाही. धुमसत दारात बसून असतो.

आणि बा म्हणाला तसंच झालं. जीप परत आली.

थंडीची सुरुवात. कुठल्याशा बंगल्यातून पाण्याची मोटार गेली होती. सकाळचे आठ वाजले असतील. कुत्री भुंकली, मुलं ओरडली, वाडी रिकामी व्हायला लागली. माझेही पाय निघाले. चार पावलं गेलेसुद्धा. मग मी वाटेच्या मध्ये थांबले. खरं सांगायचं तर साडी ओली झाली. शूर वगैरे काही नव्हते मी. फक्त थांबले होते.

दोन पोलीस उतरले. नवे होते.

"बाकीचे कुठेत?"

"पळाले."

"चोरी कुणी केली?"

"ठाऊक नाही. तुमचं नाव काय साहेब?"

"काय?"

"नाव. आणि कुणाची चोरी झाली, आमच्यावर संशय कशावरून, ते सांगा. मी लिहून घेते."

त्यानं काठी वर केली. मी डोळे मिटले नाहीत. "मी थांबलेली आहे," म्हटलं. "पळत नाहीये. नीट बघा आणि मग मारा."

काठी वरच राहिली. तेवढ्यात माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं कळलं. शेजारची म्हातारी होती. मग तिची सून, पोर कमरेवर घेऊन. पोलिसानं एक घाण शिवी दिली, दोन घरांत शिरून भांडी उलटीपालटी केली आणि ते गेले. काठी पडली नाही. पुढच्या वेळी पडेलही.

झाडीतून बाप्ये परतले तेव्हा माझ्यावर चिडले. तुला मरायचंय का म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः बापाला टाकून पळालेली आहे. कुणाला पळपुटा म्हणायला माझं तोंड नाही.

पण माझ्यापुरतं ठरलंय. आमच्या मुलांना मी वाडीत अक्षरं शिकवते. पहिलं वाक्य लिहायला शिकवते ते हे: माझं नाव अमुक, मी थांबलो आहे, मला का अडवलं ते सांगा. कायदा पोलिसाला बळ देतो तर देऊ दे. ते कुठपर्यंत, हे मी दर वेळी समोर उभी राहून विचारीन. मारणाऱ्यानं माझं तोंड बघून मारावं. आणि मारलं तर दुसऱ्या सकाळी मी ठाण्यात असेन. बारा दिवस लावले तर बारा दिवस. बाराशे लावले तर बाराशे.